पाहुण्यांनी वसवलेले गाव

मार्सेयच्या स्टेशनातून बाहेर पडलो आणि गाव एकदम पायांखाली आले. स्टेशन टेकडीवर, गाव उतारावर, आणि दोहोंच्या मध्ये एकशेचार पायऱ्यांचा ऐसपैस दगडी जिना. माझ्या दोन्ही हातांत बॅगा होत्या. सौभाग्यवतींच्या हातात गावाचा नकाशा.

"जेजुरी चढलोय आपण. हे काय मोठंसं!" ती म्हणाली.

"जेजुरीला बॅगा नव्हत्या," मी म्हणालो.

तेव्हा दर पाच-सात पायऱ्यांवर टेकत, इकडेतिकडे बघत उतरणे आले. बघायला होतेही भरपूर. हा जिना १९२७ साली खुला झाला, तेव्हा फ्रान्सचे साम्राज्य अगदी भरात होते. म्हणून जिन्यावर शिल्पेही तशीच. एका शिल्पसमूहाचे नाव 'ग्रीक वसाहत मार्सेय', दुसऱ्याचे 'पूर्वेचे द्वार मार्सेय', आणि त्यांच्या जोडीला पहुडलेल्या दोन दगडी बायका. एक म्हणे आशियातल्या वसाहती आणि दुसरी आफ्रिकेतल्या. म्हणजे आपण एके काळी कुणाची तरी वसाहत होतो याचा अभिमान, आणि पुढे आपल्याही वसाहती झाल्या याचाही अभिमान, दोन्ही एकाच जिन्यावर! मी ज्या देशातून आलो त्या देशाला 'वसाहत' या शब्दाचा असा दुहेरी आनंद कधी मिळालेला नाही. आमच्याकडे या शब्दाचा सुखाचा अर्थ एकच. शिक्षक वसाहत, रेल्वे कॉलनी, फार तर गृहनिर्माण संस्था.

मराठी माणसाला मार्सेय ठाऊक असते ते सावरकरांच्या उडीमुळे. आमच्या शाळेत त्याला 'मार्सेल्स' म्हणत. ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीतून त्यांनी याच बंदरात उडी घेतली, पोहत धक्का गाठला, आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना धरून पुन्हा इंग्रजांच्या हवाली केले. पाहुण्याला आसरा द्यावा की न द्यावा, हा वाद मग हेगच्या लवादापर्यंत गेला. मी आलो होतो तो हीच जागा बघायला. पण या गावाची सगळी कहाणीच मुळी एका पाहुण्यापासून सुरू होते, हे मला तिथे गेल्यावर कळले आणि माझे दोन दिवस त्यातच गेले.

जुने बंदर म्हणजे जमिनीत शिरलेली समुद्राची एक लांबट जीभ. दोन्ही बाजूंना चढ, तोंडाशी दोन किल्ले, आत पाणी तळ्यासारखे निवांत. ग्रीक लोक या खाडीला लाकिडॉन म्हणत. सकाळी धक्क्यावर कोळिणी मासे विकतात, आणि त्या ज्या सुरात ओरडतात तो ऐकून भाऊच्या धक्क्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तिथेच फरशीत एक धातूची पाटी बसवलेली आहे. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास फोकाइयाहून आलेले ग्रीक नाविक इथे उतरले, त्यांनी मार्सेय वसवले आणि इथून पश्चिमेत संस्कृतीचा प्रकाश पसरला, असा तिचा मतलब. हे फोकाइया म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, इझमीरजवळ, समुद्रकाठचे फोचा. भूमध्य समुद्राच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला.

इतक्या लांब ही मंडळी कशाला आली? घरची जमीन थोडी आणि खडकाळ, म्हणून. मासेमारी, व्यापार आणि, जस्टिन नावाचा रोमन लेखक मोकळेपणाने सांगतो, चाचेगिरी, यांवर त्यांचे पोट होते. हिरॉडोटस सांगतो की लांबच्या समुद्रसफरी करणाऱ्या ग्रीकांत फोकाइयाचे लोक पहिले, आणि ते जात ते पोटाळ गलबतांतून नव्हे, तर पन्नास वल्ह्यांच्या लांबोड्या युद्धनौकांतून. गाव वसवण्याच्या कामाला ग्रीक लोक 'अपोइकिया' म्हणत; शब्दाचा अर्थ साधा, 'घरापासून दूर'. नवे गाव जुन्या गावाच्या हुकमतीत नसे. लेक सासरी गेली की तिचा संसार वेगळा, पण माहेरच्या देवाला नारळ चुकायचा नाही, तसे नाते.

देवही बरोबर यायचे. स्ट्रेबो लिहितो की निघताना यांना देववाणी झाली, वाटेत इफिससच्या आर्टेमिस देवीकडून वाटाड्या घ्या. इफिससला गेले, तर तिथल्या अरिस्टार्खा नावाच्या मानाच्या बाईच्या स्वप्नात देवी आलेली : माझी मूर्ती घे आणि या लोकांबरोबर जा. बाई गेली. नव्या गावात देऊळ झाले आणि तीच त्याची पहिली पुजारीण. आपल्याकडची घराणी गाव सोडताना देव्हाऱ्यातला टाक आधी पदरात बांधतात, त्यातलाच प्रकार.

आता मुख्य गोष्ट. ती जस्टिनने सांगितली आहे.

गलबते खाडीत शिरली तेव्हा या किनाऱ्यावर सेगोब्रिज नावाच्या जमातीचे राज्य होते. राजाचे नाव नान्नुस. (आपल्याकडे असता तर नानासाहेबच झाला असता.) ग्रीकांचे पुढारी, सिमॉस आणि प्रोटिस, राजाच्या भेटीला गेले, 'आम्हांला मित्र म्हणा' असे सांगायला. आणि पाहतात तो राजाकडे लग्नघाई! राजकन्या जिप्टिस उपवर झालेली. रिवाज असा की मेजवानी मांडायची, इच्छुकांना बसवायचे, आणि मुलीने आत येऊन ज्याच्या हाती पाण्याचे भांडे द्यावे तो नवरा. थोडक्यात स्वयंवर, फक्त माळेऐवजी पाणी. दारी आलेल्या परक्यांनाही राजाने पंगतीला बसवले. जिप्टिस आली. आपल्या लोकांची सगळी रांग तिने ओलांडली आणि पाणी दिले ते प्रोटिसला. पाहुण्याचा जावई झाला, आणि जावयाला सासऱ्याने गाव वसवायला जागा दिली.

ही गोष्ट जस्टिनच्याही पूर्वी ॲरिस्टॉटलने लिहून ठेवली होती. तिच्यात तपशील थोडे निराळे आहेत. नवऱ्याचे नाव यूक्सेनॉस, म्हणजे 'चांगला पाहुणा'. ग्रीक भाषेत 'झेनॉस' म्हणजे परका आणि 'झेनॉस' म्हणजेच पाहुणाही. दोघांना शब्द एकच. मुलीचे नाव तिथे पेट्टा आहे, आणि लग्नानंतर नवऱ्याने ते बदलून अरिस्टोक्सेनी असे ठेवले. प्रोटिस हा त्यांचा मुलगा, आणि त्याच्या नावाचे घराणे आपल्या काळापर्यंत मार्सेयमध्ये नांदते आहे, असे ॲरिस्टॉटल म्हणतो.

हे मी वाचून दाखवले तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, "अडीच हजार वर्षांपूर्वीसुद्धा नाव बदललंच का? तांदळात लिहिलं होतं की नाही ते बघा." माझ्या पुस्तकात तो तपशील नव्हता.

अशा गोष्टींवर किती विश्वास ठेवायचा? राजकन्येचा पुरावा जमिनीत सापडत नाही. पण बाकी पुष्कळ सापडले आहे. बंदराच्या उत्तरेची टेकडी हे मूळचे ग्रीक गाव. १९४३ च्या आरंभी जर्मन सैन्याने बंदराकाठची जुनी वस्ती रिकामी करून सुरुंगांनी उडवून दिली. हजारो माणसे बेघर झाली. त्या जखमेतूनच पुढे खालचे प्राचीन थर वर आले. मग १९६७ साली शेअरबाजाराच्या इमारतीमागे बाजारसंकुलासाठी खणताना तटबंदी आणि जुन्या बंदराचा कोपरा निघाला. बांधकाम महत्त्वाचे की दगड, यावर गावात रण माजले. शेवटी दगड वाचले. आज तिथे बाग आणि संग्रहालय आहे. ग्रीकांच्या वेळी जिथे पाणी होते तिथे आता हिरवळ आहे, आणि त्या हिरवळीवर शाळेची मुले डबे खात होती.

संग्रहालयात मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो एका मोडक्या होडीपाशी. १९९३ च्या सुमारास, बंदराजवळच्या दुसऱ्या एका चौकात खणताना, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या दोन होड्या गाळात मिळाल्या. गाव वसवणाऱ्यांच्या मुलानातवंडांच्या त्या होड्या. त्यांतल्या लहान होडीच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत. कडेने भोके पाडून दोऱ्याने शिवलेल्या आहेत. कापड शिवावे तशी होडी शिवायची विद्या आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही जुनी. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेले, काथ्याने शिवलेले 'कौंडिण्य' २०२५ साली आपल्या नौदलात दाखल झाले, ते वाचकांना आठवत असेल. मार्सेयच्या लोकांनीही तोच खटाटोप केला. त्या लहान होडीची हुबेहूब प्रतिकृती शिवून २०१३ साली पाण्यात सोडली, आणि तिचे नाव ठेवले 'जिप्टिस'. प्रोटिस नव्हे. मला ते आवडले.

जागा मात्र या पाहुण्यांनी मोठ्या अकलेने हेरली होती. पश्चिमेला थोड्याच अंतरावर रोन नदी समुद्राला मिळते. ही नदी म्हणजे गॉल देशाच्या पोटात शिरायचा राजमार्ग. पण तिच्या मुखाशी गाळ इतका की बंदर टिकायचे नाही. मार्सेयला नदी हाताशी आणि गाळ दूर. स्ट्रेबो म्हणतो की इथली जमीन द्राक्षांना आणि ऑलिव्हला चांगली, धान्याला निकृष्ट. म्हणून या लोकांनी जमिनीपेक्षा समुद्रावर भिस्त ठेवली. पहिली काही वर्षे तेही बाहेरचीच दारू विकत. मग साधारण इसवी सनापूर्वी ५४० पासून मार्सेयच्या स्वतःच्या भट्ट्यांतले रांजण दिसू लागतात. त्यांच्या मातीत अभ्रकाचे कण चमकतात, त्यामुळे कुठेही खापर सापडले तरी ते कुठले हे ओळखू येते. ही चमकती खापरे रोनच्या काठाकाठाने थेट आतपर्यंत सापडतात. पाण्याचे भांडे देऊन ज्यांचे स्वागत झाले त्यांनी यजमानांना दारूची चटक लावली, असे कुणी म्हटले तर ते फारसे खोटे नाही.

याच सुमारास माहेर बुडाले. इराणी सेनापती हार्पागसने फोकाइयाला वेढा घातला. लोकांनी विचार करायला एक दिवसाची मुदत मागून घेतली, आणि त्या एका दिवसात बायकामुले, देवांच्या मूर्ती, जे नेता येईल ते सगळे गलबतांवर चढवले. इराण्यांच्या हाती रिकामे गाव लागले. समुद्रात लोखंडाचा एक गोळा टाकून त्यांनी शपथ घेतली की हा वर तरंगेपर्यंत परतायचे नाही. हिरॉडोटस पुढे लिहितो की निम्म्याहून अधिक माणसांना निघता निघता घराची आठवण अनावर झाली आणि शपथ मोडून ती परत वळली. बाकीची कॉर्सिका बेटावर गेली. तिथल्या समुद्रावर एट्रुस्कन आणि कार्थेजच्या आरमाराशी झुंज झाली, साठांपैकी चाळीस नौका गेल्या, आणि उरलेल्यांनी शेवटी दक्षिण इटलीत बिऱ्हाड थाटले. हा लोखंडाचा गोळा माझ्या डोक्यातून दोन दिवस जाईना. फाळणीनंतर आमच्या शेजारी एक सिंधी कुटुंब राहायला आले होते. कराचीच्या घराच्या किल्ल्या त्यांनी जपून ठेवलेल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत.

माहेर बुडाल्यावर मार्सेय स्वतःच मोठे घर झाले. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात वस्ती पहिल्या टेकडीवरून शेजारच्या टेकड्यांवर पसरली. पुढे या गावानेच आणखी गावे वसवली. आजचे नीस, आंतीब, आग्द ही सगळी मूळची मार्सेयची लेकरे. कारभार तर इतका शिस्तीचा की रोमन लोकही तारीफ करत. सहाशे जणांची सभा, सभासदत्व तहहयात, त्यांतले पंधरा जण रोजचे काम पाहणार, आणि त्या पंधरांवर तीन. सभासद व्हायला अट अशी की पदरी मूल हवे आणि गावचे नागरिकत्व तीन पिढ्यांचे हवे. ज्यांना एका मेजवानीत जागा मिळाली होती, तेच आता तीन पिढ्यांचा रहिवासी दाखला मागू लागले!

हुंड्यालाही कायद्याने मर्यादा होती : जास्तीत जास्त शंभर सोन्याची नाणी, वर कपड्यांसाठी पाच आणि दागिन्यांसाठी पाच. "दागिन्यांना पाचच?" असे म्हणून सौभाग्यवतींनी या आदर्श राज्याबद्दलचा आपला आदर तिथल्या तिथे कमी केला.

आता गोष्टीचा दुसरा अर्धा भाग, जो पाटीवर नाही.

नान्नुस राजा वारला आणि त्याचा मुलगा कोमानुस गादीवर आला. एका सरदाराने त्याला सांगितले, हे गाव आपल्या लोकांच्या नाशाला कारण होईल, आत्ताच मोडून काढा. आणि त्याने एक गोष्ट सांगितली. एक गाभण कुत्री धनगराकडे आली, म्हणाली, विण्यापुरती जागा दे. त्याने दिली. व्याल्यावर म्हणाली, पिले मोठी होईपर्यंत राहू दे. त्याने राहू दिले. पिले मोठी झाली, तेव्हा त्यांच्या बळावर कुत्री म्हणाली, जागा माझी! तसे हे आज भाडेकरू दिसतात, उद्या मालक होतील.

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी! आपल्या म्हणीत आणि त्या सरदाराच्या गोष्टीत तिळाचा फरक नाही. 'भाडेकरू' हा शब्दसुद्धा माझा नाही, जस्टिनचाच आहे. मुंबईत पागडीच्या घरात जन्म काढलेल्या माणसाने हे वाचून कुणाची बाजू घ्यावी हा प्रश्नच आहे.

कोमानुसने बेत रचला. मार्सेयमध्ये फुलांचा सण होता. काही दणकट माणसे त्याने सरळ पाहुणे म्हणून गावात पाठवली, आणखी काही गाड्यांत घालून वर पाने-लव्हाळी पसरली, आणि स्वतः फौज घेऊन जवळच्या डोंगरात दबा धरून बसला. रात्री गाव सणाच्या खाण्यापिण्याने सुस्त झाले की आतल्यांनी वेशी उघडायच्या. पण राजाच्या नात्यातली एक बाई एका ग्रीक तरुणावर जीव टाकून होती. तिला राहवेना, तिने त्याला सांगितले, जीव वाचव. त्याने अधिकाऱ्यांना सांगितले. पाहुणे पकडले गेले, पानांखालचे ओढून काढले गेले, सर्व कापले गेले. मग डाव उलटवून राजालाही मारले, आणि त्याच्याबरोबर सात हजार माणसे. तेव्हापासून मार्सेयमध्ये सणाच्या दिवशी वेशी बंद ठेवायचा, तटावर पहारा ठेवायचा आणि परक्यांची चौकशी करायचा रिवाज पडला. ज्या गावाचा जन्म मेजवानीच्या दिवशी दार उघडे होते म्हणून झाला, ते सणाच्या दिवशी दार लावू लागले.

जिप्टिस तेव्हा जिवंत होती का, भावाच्या फौजेची बातमी तिने कुठे बसून ऐकली, जस्टिन एक अक्षर सांगत नाही. दुसऱ्या बाईचे तर नावही नाही. एकीने पाणी दिले, दुसरीने बातमी दिली; दोन्ही वेळा गाव वाचले ते पाहुण्यांचे.

कुत्रीची गोष्ट ग्रीकांनी का जपली असेल, याचे मला नवल वाटत होते. जेत्यांना अशा गोष्टी लक्षात ठेवायची हौस नसते. उत्तर त्याच पुस्तकात थोडे पुढे सापडले. जस्टिनने हे सगळे घेतले पाँपेयस ट्रोगसच्या मोठ्या इतिहासातून. हा ट्रोगस लॅटिनमध्ये लिहीत असला तरी घराण्याने गॉल, याच दक्षिण भागातल्या व्होकोंटी जमातीचा. त्याच्या आजोबाला रोमचे नागरिकत्व मिळालेले. म्हणजे राजकन्येच्या पाण्याची आणि कुत्रीच्या पिलांची, दोन्ही गोष्टी आपल्यापर्यंत आल्या त्या यजमानांच्या मुलखातल्या माणसाच्या हातून. मूळ ग्रीकांकडे कुत्री होती की नाही कोण जाणे. मला आपले वाटते, ती ट्रोगसने आजीकडून ऐकली असावी.

१९९९ साली मार्सेयने आपला सव्विसशेवा वाढदिवस साजरा केला. आज त्या उत्तरेच्या टेकडीवरच्या गल्ल्यांतून चालताना कॉर्सिकन, इटालियन, अल्जीरियन, कोमोरो बेटांवरचे, किती तऱ्हेचे आवाज कानी पडतात. एका दुकानदाराने आम्ही कुठले विचारले. मी उलट विचारले, तुम्ही कुठले? तो म्हणाला, मार्सेयचा. मग थोडे थांबून, आजोबा आर्मेनियाचे.

त्याच्याकडून आम्ही साबण घेतला. मार्सेयचा साबण प्रसिद्ध आहे. ऑलिव्ह तेलाचा, हिरवट, विटेसारखा ठोकळा, त्यावर तेलाचे प्रमाण ठोकलेले : ७२ टक्के. ऑलिव्ह लावायला आणि द्राक्षवेल छाटायला गॉल लोकांना फोकाइयाच्या मंडळींनीच शिकवले असे जस्टिन सांगतो, तेव्हा पाहुण्यांची एवढी देणगी तरी घरी न्यायला हरकत नव्हती. सौभाग्यवतींनी सहा ठोकळे घेतले. परत जाताना एकशेचार पायऱ्या चढायच्या आहेत याची आठवण मी करून दिली, पण तोवर पैसे दिले होते.

त्यातल्या एका ठोकळ्याचे चार तुकडे करून ठेवले आहेत. नरकचतुर्दशीला पहाटे उटण्यानंतर निघतील. फेस, आधीच सांगून ठेवतो, बेताचाच येतो.